‘अधिकाराला सुरुंग लावणे’ : आवाज न होणारा सुरुंग कसला? अर्थ आणि व्युत्पत्ती हवी

राजापुरी_बातमीदार

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या पातळीवर बातमीदारी करतो. मागच्या आठवड्यात एका ग्रामपंचायतीची बातमी दिली. गावाचं नाव इथं काढत नाही. सरपंच बाई थेट जनतेतून निवडून आलेल्या, सदस्य मात्र बहुतेक समोरच्या पॅनेलचे. उघड भांडण काही नाही, उलट सगळे एकमेकांकडे गणपतीला जातात, आरतीला उभे राहतात. पण नळपाणी योजनेची फाइल परस्पर उपसरपंचांच्या पडवीत जाते. ठेकेदार बाईंना विचारत नाही. मासिक सभेची नोटीस बरोब्बर बाई माहेरी गेल्या की निघते. शिपाईसुद्धा “दादांना विचारून सांगतो” म्हणतो. हे सगळं पाहून मी मथळा दिला, ‘सरपंचांच्या अधिकाराला सुरुंग’.

पेपर आल्यावर स्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला गाठलं. त्यांची हयात विहिरी खोदण्यात गेली. म्हणाले, “सुरुंग लावलानी म्हनतोस, मंग आवाज कदी झाला? आमी तं काय आयकला नाय.”

स्टँडवरचे सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न बिनतोड आहे. सुरुंग म्हणजे धडाका. आणि बाईंच्या बाबतीत जे चाललंय ते तर कुणाच्या कानावर येऊ नये अशाच बेतानं चाललंय. मग गुपचूप कुणाची सत्ता खिळखिळी करण्याला आपण ‘सुरुंग लावणे’ का म्हणतो? शब्द मुळात आला कुठून? आणि इथं ‘पोखरणे’ किंवा ‘फितुरी’ जास्त बरोबर बसलं असतं का? जाणकारांनी सांगावं.

मिरकरवाड्याचा_नाखवा

यात अवघड काय आहे? ‘सु’ म्हणजे चांगला, पुढे ‘रंग’. दारू उडाली की लाल-पिवळा जाळ दिसतो म्हणून सुरंग, त्याचा झाला सुरुंग. सुरंगीचं फूलही त्यातलंच, पिवळं असतं की. आमचे आजोबा असंच सांगायचे.

लांज्याची_मास्तरीण

बातमीदार दादा, त्या गृहस्थांचा प्रश्न रास्त आहे आणि तुमचा मथळाही रास्त आहे. एकाच कामाचं एक टोक त्यांच्या हातात आहे, दुसरं तुमच्या.

नाखवा, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून सांगते, रंगाचा इथं काही संबंध नाही. सुरंगी हे आपलं झाड. शिमग्याच्या आगेमागे त्याच्या खोडाला फुलं लगडतात आणि वेंगुर्ल्याकडच्या बायका वळेसर करून विकायला बसतात. त्याचं घराणंच वेगळं.

मी हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवायचे. पण सुरुंग मला पुस्तकाच्या आधी घरात भेटला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, विहिरींचं सुरुंगकाम करत. शिमगा आटोपला की कामं निघायची ती मिरग येईपर्यंत, कारण विहिरीचा तळ उघडा पडतो तो तेवढ्याच दिवसांत. वरचा जांभा टिकावा-पहारीनं निघतो. जांभ्याला सुरुंग लावायचा नसतोच. लावलात तर चिरा मिळत नाही, चुरा मिळतो. खाली काळा कातळ लागला आणि घाव बसेनासे झाले की अण्णांना बोलावणं यायचं.

एक जण पहार उभी धरून उकिडवा बसायचा, दुसरा वरून घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं पहार जराशी फिरवायची. नाही फिरवली तर टोक भोकात रुतून बसतं, मग ती काढण्यात निम्मा दिवस. भोकात पाणी ओतायचं, आतला राखाडी लगदा लांब दांड्याच्या पळीनं उपसायचा, पुन्हा घण. दीड-दोन हात खोल जायला सकाळची दुपार व्हायची. मग भोक चिंधीनं कोरडं करून दारू भरायची, वात सोडायची आणि वरून लाल माती ठासायची. ठासायची काठी लाकडाचीच. नव्या गड्यानं घाईत लोखंडी सळी उचलली की अण्णा त्याच्या अंगावर धावून जात, कारण ठिणगी पडली की सगळंच संपलं. दगड उडू नयेत म्हणून तोंडावर फांद्या आणि गोणपाटं टाकायची. शेवटी “बार हाय रे, बाऽऽर!” अशी आरोळी, वातीला बत्ती, आणि सगळे आंब्याच्या बुंध्याआड.

म्हणजे दिवस गेला खणण्यात, आवाज निमिषभराचा. पण गावाला आठवतो तो आवाज, म्हणून गावाच्या लेखी सुरुंग म्हणजे आवाज. आता तर ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर आला, भोक पाडायचा वेळच उरला नाही. त्यामुळे शब्दातलं खणणं अजूनच विसरलं गेलं.

आता शब्दाकडे. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे काय? बोगदा. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा हिंदीवाल्यांच्या लेखी सुरंग आहे. त्यात गाडी जाते, ते काही स्फोटात शिरत नाहीत. मराठीनं मात्र तीन शब्दांची तीन कामं वाटून घेतली आहेत. आरपार वाट असेल तर बोगदा. काळोखातली चोरवाट असेल तर भुयार, जसं रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाजवळ आहे. आणि दारू ठासलेला असेल तर सुरुंग. मुळात यातली पहिली दोन कामं ‘सुरुंग’ या एका शब्दाच्या पोटात होती.

संस्कृतात तो ‘सुरुङ्गा’ किंवा ‘सुरङ्गा’ असा स्त्रीलिंगी आहे. मराठीत येता येता पुरुष झाला, हिंदीत बाईच राहिली. दारूचा शोध लागायच्या कितीतरी आधीचा शब्द आहे, तेव्हा त्यात स्फोट असण्याचा प्रश्नच नाही. महाभारतातलं लाक्षागृह आठवा. विदुर एक खणणारा माणूस पाठवतो, तो घराच्या आतून जमिनीखाली वाट खणतो, तोंडावर फळ्या टाकून ती जमिनीशी सपाट करून ठेवतो, आणि आगीच्या रात्री पांडव त्या सुरुंगेतून निसटतात. वर पहारा देणाऱ्या पुरोचनाला शेवटपर्यंत पत्ता नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर वेढ्याच्या संदर्भात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. शत्रू खालून सुरुंग खणतोय असा संशय आला तर काय करायचं तेही दिलं आहे. संशयाच्या जागी पाण्याचे कुंभ किंवा काशाची भांडी ठेवा. जमिनीखाली घाव बसले की पाणी हलणार, कासं झणझणणार. जागा कळली की आपणही समोरून उलट सुरुंग खणायचा. दोन हजार वर्षांपूर्वीही सुरुंगाची पहिली खूण अगदी बारीक थरथर हीच होती, बघा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या संस्कृत नाटकातला प्रसंग. चंद्रगुप्ताला झोपेत मारायला आलेले मारेकरी त्याच्या शयनगृहाच्या भिंतीतल्या सुरुंगेत दबा धरून बसलेले असतात. चाणक्य राजाच्या आधी खोलीत जाऊन बघतो तर भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली आहे, तोंडात भाताची शितं. भिंतीत शितं आली कुठून? म्हणजे आत माणसं जेवतायत. तो घरच पेटवून देतो. वर्गात हा भाग शिकवताना शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

मग दारू आली आणि खणलेल्या वाटेच्या टोकाला ठासली जाऊ लागली. आपल्याकडचं ठळक उदाहरण चाकणचं, सन १६६०. शाइस्ताखानाचा वेढा, आत फिरंगोजी नरसाळा. जवळजवळ दोन महिने किल्ला हटेना. मोगलांनी छावणीतून जमिनीखालून खणत खणत बुरुजाखाली सुरुंग नेला आणि ऑगस्टमध्ये तो उडवला. बुरूज माणसांसकट वर गेला. म्हणजे बघा, बुरूज उडाला एका क्षणात, पण वर तोफा चालत असताना खाली टिकाव चालूच होता. तिथून पुढे खणलेल्या वाटेचं नाव तिच्या टोकाच्या दारूला चिकटलं. इंग्रजीत ‘माइन’चं हेच झालं, आधी खाण, मग स्फोटक. आणि त्यांचं ‘अंडरमाइन’ म्हणजे शब्दशः खालून खणणं. आपण त्यांच्याकडून वाक्प्रचार उचलला असं म्हणायची गरज नाही. ज्यांनी ज्यांनी तटाखाली खणलं त्या सगळ्यांना ही उपमा सुचणारच.

आता मूळ. ओटो श्टाइन नावाच्या विद्वानानं १९२५ साली ‘सुरुङ्गा’ हा ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असं मांडलं. ग्रीकात सिरिंक्स म्हणजे बोरूची नळी, गुराख्याचा पावा, आणि मग नळीसारखी पोकळ वाट, खंदकातली झाकलेली वाट. अलेक्झांडर इकडे आला इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये, पुढे यवन, म्हणजे ग्रीक, राजे वायव्येला राज्य करत राहिले. वेढ्याची विद्या आली तिच्याबरोबर विद्येतला शब्द आला, असा हा पक्ष. दवाखान्यातली ‘सिरिंज’ त्याच सिरिंक्सची लेक. दुसरा पक्ष शब्दाला पूर्वेकडे, कंबोडियातल्या ख्मेरसारख्या भाषांकडे नेतो. मला पहिला पटतो.

तर दादा, तुमच्या गावात जे चाललंय ते फाइल, नोटीस आणि शिपायानं चाललंय. ते खणणंच आहे. शब्द बरोबर आहे, तुमच्या म्हाताऱ्यांना सांगा की अजून बत्ती दिलेली नाही.

लोट्याचा_फिटर

मस्त माहिती बाई. आमच्या एमआयडीसीत याला ‘सॅबोटाज’ म्हणतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की फ्रान्सच्या कामगारांनी मशीनमध्ये लाकडी बूट टाकले, त्या बुटाला ‘साबो’ म्हणतात. मग मराठीत सॅबोटाज म्हणजे सुरुंगच ना?

मालवणी_झिल

ह्यां सगळां बरां असा. पण आमच्या मालवणात सुरुंग लावन काय करतलास? सिंधुदुर्गाच्या चारय बाजूक दर्या. खणतलास खय? हयसर आमी कान फुकतव.

मास्तरीणबाई, मस्करी सोडा, पण फितुरीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बातमीदारांनी विचारलं होतं.

लांज्याची_मास्तरीण

फिटर भाऊ, साबो म्हणजे लाकडी बूट हे खरं. पण ते मशीनमध्ये टाकल्याची गोष्ट मागाहून रचलेली दिसते, तिला आधार सापडत नाही. फ्रेंचात ‘साबोते’ म्हणजे बूट खडखडवत चालणं, आणि त्यावरून गबाळं काम करणं. १८९७ साली तुलूझच्या कामगार परिषदेत एमिल पुजे यानं संपाच्या जोडीला हे हत्यार म्हणून मांडलं, की पगार कमी तर काम वाईट. म्हणजे मुळात बोगस काम, मोडतोड नंतर आली. मराठी वर्तमानपत्रं सॅबोटाजला ‘घातपात’ म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. सुरुंगाशी त्याची गल्लत नको. घातपात यंत्राचा, रुळाचा, मालाचा होतो. सुरुंग लागतो तो कुणीतरी वर उभं आहे त्याच्या पायाखाली.

झिला, तू मस्करीत बोललास ते सोळा आणे खरं आहे. चाकण हा भुईकोट, म्हणून तिथं खणता आलं. कुरटे बेटाच्या खडकावर १६६४ मध्ये पाया घातलेल्या आणि पायात शिसं ओतलेल्या सिंधुदुर्गाखाली कोण काय खणणार? सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, जंजिरा, सगळ्यांचं तेच. जलदुर्गाला भीती आतल्या माणसाची. म्हणून आपल्या किनाऱ्याचा खरा शब्द फितूरच.

‘फितूर’ अरबी ‘फुतूर’वरून, फारसीच्या वाटेनं आला. मूळ अर्थ ढिलेपणा, अशक्तपणा, जोर ओसरणं. त्याच धातूपासून ‘कोमट’ या अर्थाचा शब्द अरबीत आहे. म्हणजे माणूस उलटण्याआधी त्याची निष्ठा कोमट होते, हे त्या शब्दालाच ठाऊक. हिंदी-उर्दूत ‘दिमाग का फितूर’ म्हणजे डोक्यातलं खूळ. मराठीनं मात्र त्याला थेट गडाच्या दरवाज्यावर उभं केलं: फितणे, फितवणे, फितवा, फंदफितुरी. आज तो जास्त करून कोर्टात दिसतो, ‘साक्षीदार फितूर झाला’.

हे दुखणं किती मुरलेलं होतं ते सभासदाच्या बखरीत गडांची व्यवस्था वाचली की समजतं. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी. एकट्यानं निर्णय करायचा नाही, म्हणजे एकटा फितला तरी गड जात नाही. पगार, हिशेब आणि पहारा एका हातात दिलेला नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते त्याच्या मागेही शहाणपण हेच, फक्त दोघांपैकी एक पडवीत जाऊन बसला की ते शहाणपण संपतं.

आणि फितूर व सुरुंग हे दोन्ही शब्द एका जागी भेटतात ते जंजिऱ्याला. संभाजीराजांच्या काळात, १६८१–८२ च्या सुमाराला, कोंडाजी फर्जंद सिद्दीकडे फितूर झाल्याचं सोंग घेऊन जंजिऱ्यात शिरला. बेत होता आतलं दारूकोठार उडवायचा. बाहेरून खणता येत नाही म्हणून माणूसच सुरुंग करून आत पाठवला. एका दासीमुळे बेत फुटला असं सांगतात आणि कोंडाजी मारला गेला. मला हा माणूस फार मोठा वाटतो. फितुराचं नाव स्वतःला लावून घ्यायचं आणि तसंच मरायची तयारी ठेवायची, हे तानाजीच्या मरणाइतकंच अवघड आहे. पण त्याची गाणी झाली नाहीत.

आता बातमीदार दादांसाठी जरा भांडते, कारण तुमच्या धंद्यातल्या लोकांनी या शब्दांची पार भेळ केली आहे. निवडणुकीत कुणी समोरासमोर पडला की दुसऱ्या दिवशी ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’. कसला सुरुंग? तोफा लावून, मोर्चे बांधून, दिवसाढवळ्या तट पाडलात तर ते खिंडार. ज्याच्यावर भरवसा होता त्यानं आतून अडसर काढला तर ती फितुरी. सरपंच बाईंचा हुकूम उघड उघड मोडला तर अधिकार धाब्यावर बसवला. (धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ते देशावर. आपल्या कौलांवर काही बसवलं तर घसरून अंगणात येईल, तरी वाक्प्रचार आपणही वापरतो.) आणि ‘पोखरणे’ हे वाळवीचं, उंदराचं काम. वाळवीला घर पाडायचं नसतं, तिला भूक लागलेली असते. भ्रष्टाचारानं पतपेढी पोखरली म्हणा, बरोबर आहे. पण जिथं कुणीतरी ठरवून, नेम धरून, वरच्याला पत्ता लागू न देता खालचा आधार काढतंय आणि वातीचं टोक स्वतःच्या हातात ठेवतंय, तिथं सुरुंगच.

राजापुरी_बातमीदार

बाई, पाया पडतो. त्या गृहस्थांना तुमचा पहिला भाग वाचून दाखवला. पहार फिरवण्याचं आलं तेव्हा मान हलवली, आणि म्हणाले की ठासायला त्यांच्याकडे बांबू असायचा.

एक शंका. माझ्या बातमीतले सदस्य म्हणतात, आम्हाला बाई नकोत तर सरळ अविश्वास ठराव आणू, आम्ही कशाला लपूनछपून काही करू? याला काय म्हणायचं?

लांज्याची_मास्तरीण

बांबू बरोबर आहे, तिकडे राजापूरच्या बाजूला बांबूच घ्यायचे.

ठरावाचं म्हणाल तर तट कुठे जाड आहे ते बघा. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. पूर्वी सदस्यच सरपंच निवडायचे आणि सदस्यच घरी पाठवायचे. लोकांनी निवडलेल्या सरपंचावरचा ठराव सदस्यांच्या हातावर संपत नाही, ग्रामसभेपुढे जातो. तिथं बाईंना मतं देणारं गाव बसलेलं असतं. समोरून तट पडत नाही हे ज्याला कळतं तोच टिकाव घेऊन खाली उतरतो. ‘आम्ही सरळ ठराव आणू’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, मग आणत का नाही? आणि नोटिसांच्या तारखा व बाईंच्या गैरहजेरीच्या तारखा शेजारी शेजारी छापा. मुंग्या तिथंच दिसतील.

लोट्याचा_फिटर

भूसुरुंग, पाणसुरुंग हे शब्द मग नंतरचे का?

लांज्याची_मास्तरीण

हो, अलीकडचे, युद्धाच्या बातम्यांसाठी घडवलेले. त्यात वाट खणणं उरलेलंच नाही. पाणसुरुंग तर पाण्यात तरंगतो, त्याला ना वाट ना भोक. शब्द मुळापासून किती लांब जाऊ शकतो त्याचा हा नमुना.

मिरकरवाड्याचा_नाखवा

सगळं वाचलं. पण एक पटत नाही. जे ते ग्रीकांकडून आलं कशावरून? आपलाच शब्द ते घेऊन गेले नसतील कशावरून? गलबतं तेव्हाही ये-जा करत होती.

लांज्याची_मास्तरीण

चांगला आक्षेप आहे नाखवा, आणि तो तपासायची रीत आहे. शब्द ज्या घरचा असतो त्या घरी त्याचं गणगोत सापडतं. ग्रीकांकडे सिरिंक्स होमरच्या इलियडमध्ये आहे, गुराखी तो वाजवत येतात. म्हणजे अलेक्झांडरच्या कितीतरी शतकं आधी, आणि अर्थ साधा, पावा. पाव्यावरून नळी, नळीवरून वाट, अशी पायरी पायरीनं चढलेली अर्थाची शिडी तिथं दिसते. संस्कृतात सुरुङ्गा एकदम येते ती तयार भुयार होऊनच. पावा नाही, नळी नाही, वेदात पत्ता नाही, ज्याच्यापासून निघावी असा सरळ धातू नाही. म्हणून परकी पाहुणी म्हणायचं. उद्या कुणी संस्कृतात ‘सुरुङ्गा म्हणजे बासरी’ असा जुना उतारा काढून दाखवला तर मी तुमच्या बाजूला येऊन बसेन.

मिरकरवाड्याचा_नाखवा

ठीक आहे, ग्रीक तर ग्रीक. पण नातवाला मी रंगाचंच सांगणार, त्याला ते लक्षात राहतं. आणि ते काशाच्या भांड्याचं होडीत करून बघतो, इंजिन कुठं थरथरतंय ते आमच्या मेकॅनिकला दोन महिने सापडत नाहीये.